दर लाखामागे

भावाची बदली भुसावळला झाली तेव्हा त्यानं माझ्याकडे दोन आकडे मागितले. एक जयपूरचा आणि एक जळगाव जिल्ह्याचा. खून, बलात्कार, अपहरण, दरोडे असे हिंसक गुन्हे दर लाख लोकसंख्येमागे किती होतात, ते त्याला हवं होतं.

मी जयपूरमध्ये एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर काम करते. केंद्राचा गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल आला की राज्यांची आणि जिल्ह्यांची तुलना करणारं पान गेली बरीच वर्षं माझ्याकडे येतं. त्यामुळे असलं काही विचारायचं झालं की घरचे मलाच विचारतात. भाऊ माझ्याहून लहान, रेल्वेत सेक्शन कंट्रोलर. आईवडील अकोल्याकडचे, आमचं लहानपण भुसावळच्या रेल्वे कॉलनीत गेलेलं. जयपूरला मी नोकरीसाठी आले, तो नंतर बदलीवर आला. परत भुसावळला जाता यावं म्हणून त्यानं अर्ज करून ठेवला होता. तो मंजूर होईल ही आशा सगळ्यांनी सोडल्यावर तो मंजूर झाला.

अडचण त्याच्या मुलीची होती. ती जयपूरमध्येच वाढली, इथंच कपड्यांचं डिझाइन शिकली आणि सीतापुऱ्यातल्या एका एक्स्पोर्ट युनिटमध्ये नोकरीला लागली. आधी ती तयार कपडे तपासायची. बदलीच्या सुमारास तिला सॅम्पलिंगमध्ये घेतलं होतं. परदेशी गिऱ्हाइकाला ऑर्डरीआधी जो नमुना पाठवतात, तो तिथं तयार होतो. युनिटमधलं ते सगळ्यात अवघड आणि मानाचं काम. भुसावळला असं काम नाही. तिला इथंच राहायचं होतं. वहिनी सामान घेऊन पुढे गेली होती. भावाला काही ठरवता येत नव्हतं, आणि ठरवता येत नसलं की तो आकडे मागतो.

"मले भाषण नको देऊ, ताई. दोन आकडे दे फक्त," तो म्हणाला.

"देते. पण ते एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत."

"काहून? पेपरात तर ठेवता तुम्ही."

पेपरात आम्ही ठेवतो, हे खरं होतं. तरी मी त्याला सांगितलं. पोलिसांकडचा आकडा नोंदींचा असतो. जिथं ठाण्यात तक्रार लिहून घेतली जाते आणि बायका ती द्यायला जातात, तिथला दर वाढतो. जिथं गावातच मिटवामिटवी होते, तिथला कमी राहतो. एका तक्रारीत चार कलमं असली तरी अहवालात त्यातलं सगळ्यात गंभीर तेवढं एकच मोजतात. भागायला घेतलेली लोकसंख्याही अंदाजाची असते, कारण जनगणना जुनी. खुनांचे आकडे त्यातल्या त्यात भरवशाचे, कारण प्रेत लपवणं हे तक्रार दाबण्याहून कठीण. बाकीच्या आकड्यांबद्दल मी छातीठोकपणे काही सांगणार नाही.

"झालं?" तो म्हणाला. "आता आकडे दे."

मी लिहून पाठवले. दोन आकडे वर, अटी खाली. जयपूरचा दर जास्त होता. अटी त्यानं वाचल्या नाहीत हे उत्तरावरून कळलं. त्यानं लिहिलं होतं, "मले वाटलंच होतं."

तरी त्यानं मुलीला लगेच नेलं नाही. बदलीनंतर काही काळ रेल्वेचं क्वार्टर ठेवता येतं. ते रिकामं करायला तो पुन्हा येणार होता. तोवर ती आदर्श नगरला माझ्याकडे राहील, मग पाहू, असं ठरलं. अट एकच होती. रिपोर्ट द्यायचा.

त्या घरात ही अट नवी नव्हती. सेक्शन कंट्रोलर कानाशी फोन घेऊन बसलेला असतो. एकेक स्टेशन त्याला गाडी आली, गाडी गेली असं कळवतं आणि तो ते आलेखावर ओढत जातो. वेळेवर चाललेल्या गाडीबद्दल कुणी काही विचारत नाही. गाडी थांबली की कारण द्यावं लागतं. भावानं घरही तसंच चालवलं. भाची सायकलवरून शाळेत जायची तेव्हापासून तिचे रिपोर्ट ठरलेले. पूर्वी मिस्ड कॉल असायचे, आता घरच्या ग्रुपवर मेसेज. संध्याकाळी सीतापुऱ्याहून स्कूटीवर निघताना "निघाले". जवाहर सर्कलला आली की "सर्कल". आदर्श नगरला "पोचले". प्रत्येकावर भावाचा अंगठा येई. उशीर झाला तर अंगठ्याऐवजी फोन येई.

"बाबा, मी काय मालगाडी आहे?" ती एकदा माझ्यासमोर त्याला म्हणाली होती.

"मालगाडी असती तर साइडिंगले टाकली असती," तो म्हणाला. "तू सुपरफास्ट आहे, म्हणून तर जिवाले घोर."

तो गेल्यावर काही आठवड्यांनी अहवाल आला. जयपूरच्या झालाना भागातल्या आमच्या ऑफिसात त्या दिवशी इतर काही फार नव्हतं, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष माझ्या पानावर होतं. पानाच्या प्रमुखाला मोठा नकाशा हवा होता. तो माझ्याहून वयानं लहान आहे आणि कामात चोख आहे. मला नकाशाखाली एक चौकट हवी होती, नोंद आणि गुन्हा यांतला फरक सांगणारी.

"मैडम, नक्शा लाल ही रहेगा," तो म्हणाला. "लोग सबसे पहले अपना ज़िला ढूँढते हैं."

"ढूँढकर क्या समझेंगे?"

"यही कि हम ऊपर हैं कि नीचे. और क्या?"

वाचकाबद्दल तो चुकत नव्हता. चौकट लावली. संध्याकाळी एक जाहिरात वाढली आणि चौकटीच्या दोन ओळी उरल्या. नकाशा राहिला. मथळ्यात सगळ्यात असुरक्षित जिल्हा कोणता, असा प्रश्न होता. त्या पानात चूक एकही नव्हती. प्रत्येक आकडा मी दोनदा तपासला होता.

सकाळी ग्रुपवर त्या पानाचा फोटो आला. भावानं जयपूरभोवती बोटानं गोल काढला होता. खाली लिहिलं होतं, "क्वार्टर सोडाले येतो तेव्हा तिले घेऊन जातो. हे पक्कं."

भाची माझ्यासमोर बसून नाश्ता करत होती. तिनं वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

"आत्या, तुझा नकाशा."

"आकडे बरोबर आहेत."

"मालूम आहे. तोच तर प्रॉब्लेम आहे."

दुपारी मी भावाला फोन केला. पोरगी कामात चांगली आहे, युनिटमध्ये तिचं नाव आहे, असं मी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"तिचा एक तरी रिपोर्ट चुकला काय इतक्या दिवसांत? नाही. म्हणून अजून राहू दिली," तो म्हणाला. "पाहतो मी आल्यावर. पण एक जरी गोष्ट इकडची तिकडे झाली ना, ताई, तर पहिल्या गाडीनं येतो."

त्याचा निर्णय पक्का असला तरी त्यात फट होती, आणि ती फट म्हणजे हे वेळेवर येणारे मेसेज होते. मी हे संध्याकाळी भाचीला सांगितलं. ती नुसती "हं" म्हणाली.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी मी ऑफिसातून लवकर आले होते. थंडीचे दिवस, बाहेर काळोख पडलेला. मी कणीक मळत होते. फोन वाजला. ग्रुपवर भाचीचा मेसेज होता, "पोचले." पाठोपाठ भावाचा अंगठा.

मी दाराकडे पाहिलं. स्कूटी लावत असेल, असं वाटलं. फाटकाचा आवाज येईल म्हणून थांबले. आवाज आला नाही. हात धुतले आणि खाली गेले. स्कूटीची जागा रिकामी होती. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आवराआवर करत होता.

"भैया, मेरी भतीजी आई क्या?"

"नहीं तो, आंटी जी. अभी तो नहीं आई."

मी तिला फोन लावला. दोनदा वाजला आणि कापला गेला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. म्हणजे फोन बंद नव्हता, कुणाच्या तरी हातात होता. ग्रुपवर "कुठे आहेस" असं लिहायला बोट गेलं आणि थांबलं. ते तिच्याआधी भावानं वाचलं असतं, आणि भुसावळहून त्याला काही करता आलं नसतं. मी त्याऐवजी ग्रुपवरचे जुने मेसेज वर सरकवून पाहिले. गेल्या काही आठवड्यांत तिचं "पोचले" रोज जवळजवळ एकाच मिनिटाला आलं होतं. लग्नसराईत टोंक रोडवरून कुणी इतक्या नेमानं येत नाही.

तिसऱ्यांदा तिनं फोन उचलला. आवाज अगदी हळू होता.

"आत्या, मी ठीक आहे. बाबांना काही लिहू नको."

"कुठे आहेस?"

"मोती डूंगरीच्या आधी. ते दवाईचं दुकान आहे ना, कोपऱ्यावर. त्यात."

"आत आहेस?"

"हो."

"तो बाहेर आहे?"

कुणा 'तो'बद्दल मला तोवर कुणीही काही सांगितलं नव्हतं.

"समोर उभा आहे," ती म्हणाली.

मी तिला सांगितलं, काउंटरजवळ थांब, फोन ठेवू नको. रिक्षात बसले. फोनमधून दुकानातले आवाज येत होते. कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं, कुणी गोळ्यांची पट्टी अर्धी करून मागत होतं. तिचा श्वास तेवढा जवळून ऐकू येत होता. वाटेत वरात आडवी आली. बँड, डोक्यावर दिवे धरलेल्या बायका, मागे जनरेटरची गाडी. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं. मी उतरले आणि वरातीतून वाट काढत चालत पुढे गेले. बँडच्या आवाजात फोनमधलं काही ऐकू येईना. तेवढा वेळ ती आहे की नाही हे मला माहीत नव्हतं.

ती होती. काचेचं काउंटर आणि फ्रिज यांच्यामधल्या जागेत, डोक्यावर हेल्मेट तसंच. दुकानदार वयस्कर होता.

"आप इनकी मम्मी हैं?"

"बुआ."

"बुआ जी, हमने तो कहा पुलिस बुला देते हैं. ये मना कर रही हैं."

रस्त्याच्या पलीकडे एक माणूस मोटारसायकलवर बसला होता. राखाडी जाकीट, एक पाय फुटपाथवर. वय तिशीच्या आसपास. तो लपत नव्हता. मी दुकानाच्या पायरीवर उभी राहिले आणि त्याच्या गाडीचा फोटो काढला. काढताना त्यानं पाहिलं. त्यानं गाडी सुरू केली, रस्ता ओलांडला आणि पायरीच्या अगदी पुढून, चालण्याच्या वेगानं गेला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. आत पाहिलं. मग वळून दिसेनासा झाला.

भाचीच्या उजव्या मनगटावर बोटांचे वळ होते. स्कूटीचा एक आरसा तुटून लोंबत होता.

घरी आल्यावर तिनं सांगितलं. युनिटमधून मालाचे खोके नेणाऱ्या गाडीचा तो ड्रायव्हर. आधी गेटवर बोलायचा. मग सर्कलपर्यंत मागे यायला लागला. त्या संध्याकाळी त्यानं मोटारसायकल आडवी घातली, तिच्या स्कूटीची किल्ली काढून घेतली, मनगट धरून तिला खाली ओढलं. स्कूटी पडली. मागून टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला म्हणून त्यानं किल्ली फेकली आणि हात सोडला. सोडताना म्हणाला, कल बोतल लेकर आऊँगा. कसली बाटली, हे तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही; ॲसिडच्या बातम्या आमच्या पानावरही येतात.

"पोचले असं कुठून पाठवलंस?"

"दुकानातून."

"कधीपासून चाललंय हे?"

"तो मागे यायला लागला ना, तेव्हा मी रस्ता बदलायला लागले. कधी मालवीय नगरमधून, कधी असंच फिरून. मतलब, रोज लेट व्हायचं. लेट झालं की बाबा कारण विचारतात. म्हणून टाइम झाला की पाठवून द्यायचे."

ती कंट्रोलरची मुलगी होती. वेळेवर असलेल्या गाडीबद्दल विचारणा होत नाही, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. ती स्वतः कुठंही असली तरी तिची गाडी बापाच्या आलेखावर वेळेत धावत होती.

"आज काही झालं असतं तर तू घरी पोचलीस असंच आम्ही समजलो असतो," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "हे नव्हतं आलं डोक्यात."

"ठाण्यात जायला हवं."

"नाही."

"फोटो आहे, नंबर आहे, दुकानदार आहे."

"आत्या, एफआयआर झाली की बाबा पहिल्या गाडीनं येणार. माझं सॅम्पलिंग गेलं. पुढच्या साली तुझ्या नकाशात जयपूर अजून लाल, आणि बाबा बोलणार, बघ, मी सांगितलं होतं."

"आणि नाही केली तर?"

"तर जयपूर एकदम सेफ." ती हसली आणि हसू मध्येच थांबलं.

मी तिच्यावर सक्ती केली नाही. दोन गोष्टी सांगितल्या. उद्या ती एकटी स्कूटीवर जाणार नाही, आणि माझ्या घरातून भावाला खोटा रिपोर्ट जाणार नाही. बाकी तिनं ठरवायचं. ती तिच्या खोलीत गेली. मी कणीक फ्रिजमध्ये ठेवली. त्या रात्री आम्ही दोघीही जेवलो नाही.

सकाळी ती कपडे करून बाहेर आली. मनगट सुजलं होतं. टेबलावरची माझी कात्री तिनं उचलली, दोनदा उघडमीट करायचा प्रयत्न केला आणि खाली ठेवली.

"कैची धरता येत नाही," ती म्हणाली. "आज नमुना कापता येणार नाही. चल, ठाण्यात जाऊ."

ठाण्यात एक महिला अधिकारी होती. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, मनगट पाहिलं, फोटो पाहिला. मग पेन हातात घेऊन विचारलं, "एफआईआर करानी है, या पाबंद करवा दें?"

पाबंद करणं म्हणजे त्या माणसाला बोलावून, तंबी देऊन, पुन्हा असं करणार नाही असं लिहून घेणं. गुन्हा दाखल होत नाही. प्रकरण लवकर मिटतं. ती अधिकारी धाक घालत नव्हती. दोन्ही वाटा सांगत होती, आणि दुसरी वाट किती जणी घेतात हे तिला ठाऊक असणार.

"कोर्ट-कचहरी लंबी चलती है, बेटा. घर में बात कर ली?"

भाचीनं माझ्याकडे पाहिलं.

"एफआईआर," ती म्हणाली.

त्यानंतर काम झपाट्यानं झालं. जबाब लिहिला गेला, तो वाचून दाखवला गेला, मनगटाच्या तपासणीसाठी आम्हाला दवाखान्यात पाठवलं. कलमं लिहिली जात होती तेव्हा मी सवयीनं मनात जुळवत होते, ही तक्रार पुढच्या अहवालात कोणत्या रकान्यात जाईल. पाठलाग, बळजबरी, धमकी. त्यातलं सर्वांत गंभीर तेवढं मोजलं जाईल. हिंसक गुन्ह्यांच्या तक्त्यात ती कदाचित येणारही नाही. त्यासाठी बाटली यावी लागली असती.

दवाखान्याबाहेर बाकावर बसून भाचीनं डाव्या हातानं ग्रुपवर लिहिलं. लिहून मला दाखवलं नाही, थेट पाठवलं. "आज युनिटला गेले नाही. एका माणसानं काल रस्त्यात हात धरला, धमकी दिली. एफआयआर केली. आत्या सोबत आहे. आधीचे खूप रिपोर्ट खोटे होते. सॉरी बाबा."

अंगठा आला नाही. माझा फोन वाजला.

"तुले माहीत होतं, ताई?"

"काल संध्याकाळपासून."

"अन् मले काहून नाही सांगितलं?"

"ते तिनं सांगायचं होतं."

"तिचं सामान भरून ठेव. मी येतो."

तो आला तेव्हा सामान भरलेलं नव्हतं. त्यानं बॅग दाराशीच ठेवली. मुलीचा हात हातात घेऊन उलटा-सुलटा करून पाहिला, दुखतं का विचारलं, आणि रागावला नाही. ते तिला जड गेलं. ती आत गेली. तो स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"तुझा आकडा बरोबर होता," तो म्हणाला. "इथं जास्त आहे. भुसावळले आपण इतकी वर्षं राह्यलो, झालं काय कधी असं?"

"मी कॉलेजला पुलावरून जायची, आठवतं?"

"हो. मंग ते सोडून फाटकावरून जायले लागली. लांब पडे तरी. पायऱ्या चढून तुले दम लागे म्हणून."

"घरात मी तसं सांगितलं होतं."

गॅसवर चहा उतू जायच्या बेतात होता, तो मी खाली उतरवला.

"कोण होतं?" त्यानं विचारलं.

"आता काय करायचंय? आईलाही माहीत नव्हतं. जळगाव जिल्ह्याच्या त्या वर्षीच्या आकड्यात ते नाही, एवढंच तुला सांगते."

त्यानं चहा घेतला नाही. गच्चीवर जाऊन बसला. दुपारी ठाण्यातून फोन आला. तो माणूस पकडला गेला होता आणि त्याला जामीनही मिळाला होता. न्यायाधीशासमोर भाचीचा जबाब व्हायचा होता, तोवर तिनं एकटीनं फिरू नये असं त्या अधिकाऱ्यानं सांगितलं. फोन स्पीकरवर होता. भावानं सगळं ऐकलं.

"पाह्यलं? सुटला. आता कायले राहते इथं?"

"बाबा, मी गेले तर बयान कोण देणार?"

"तारखेले येऊ ना आपण."

"नाही येणार. एकदा येऊ, दोनदा येऊ. मग तुम्हाला सुट्टी मिळणार नाही, मग आई बोलेल सोडून दे."

"अन् त्यानं खरंच बाटली आणली तर?"

त्या पहिल्या रात्रीनंतर हा शब्द घरात कुणी उच्चारला नव्हता; भावानं तो एफआयआरच्या प्रतीत वाचला होता.

"तर भुसावळलाही आणेल. ड्रायव्हर आहे तो, बाबा."

भावानं संध्याकाळच्या गाडीची दोन तिकिटं काढून ठेवली, जबाब ज्या दिवशी व्हायचा होता त्याच दिवसाची. मधल्या दिवसांत त्यानं क्वार्टर रिकामं केलं. भाची घराबाहेर पडली नाही. गल्लीत मोटारसायकल थांबली की आम्ही तिघंही बोलायचं थांबायचो, आणि ती पुढे गेली की पुन्हा बोलायला लागायचो. तिकिटांबद्दल कुणी बोललं नाही.

जबाबाला ती एकटीच आत गेली. दार बंद झालं. भाऊ बाहेर भिंतीला टेकून उभा राहिला, बसला नाही. नोकरीत त्याला दर थोड्या वेळानं कुणीतरी कळवत असतं, काय कुठं पोचलं. इथं कळवणारं कुणी नव्हतं. दोनदा त्यानं मला विचारलं, "इतका वेळ लागते काय?" मी म्हटलं, लागतो.

ती बाहेर आली तेव्हा चेहरा उतरलेला होता, पण आवाज स्थिर होता.

"झालं?"

"झालं. सगळं विचारलं. पहिल्यापासून."

मग तिनं सांगितलं की ती अर्धा दिवस युनिटला जाणार आहे. युनिटनं त्या गाडीवाल्याचं काम बंद केलं होतं. तिच्या टेबलावर तिचा नमुना तसाच पडून होता. हाताची सूज उतरली होती.

भावानं मला विचारलं, "जाऊ देऊ?"

"मला नको विचारू."

तो तिच्याकडे वळला. ती स्कूटीजवळ जाऊन हेल्मेट चढवत होती. तुटक्या आरशाच्या जागी नवा बसवलेला होता.

"बाबा, आत्याचं हेल्मेट डिकीत आहे. होईल तुम्हाला," ती म्हणाली. "मागे बसा."

तो मांडीवर बॅग घेऊन मागे बसला. मी त्यांना टोंक रोडच्या गर्दीत दिसेनासं होईपर्यंत पाहिलं आणि झालान्याला ऑफिसात गेले.

संध्याकाळी त्याचा स्टेशनवरून फोन आला. तो एकटाच होता. शिफ्ट सुटेपर्यंत युनिटच्या गेटसमोर चहाच्या टपरीवर बसून होता. मग मुलीच्या मागे बसून आदर्श नगरपर्यंत आला, तिला सोडलं आणि स्टेशन गाठलं.

"ताई, शिफ्ट सुटली की तिथं पोरींनी रस्ता भरून जाते," तो म्हणाला. "बसच्या दाराले लोंबकळतात, स्कूट्या, पायी, काय न् काय. एवढ्या असतीन असं मले वाटलं नव्हतं."

"हो. पुष्कळ असतात."

"त्यातल्या किती जणींनी ठाण्यात लिहून दिलं असंल?"

"माहीत नाही."

"तुले बी माहीत नाही?"

"कुणालाच नाही."

मागे गाडीची घोषणा चालू होती. ती त्यानं संपू दिली. मग म्हणाला, "तारीख लागली की सांग. रजा टाकतो," आणि फोन ठेवला.